पाण्याचे कायदे आणि विधिमंडळाची जबाबदारी

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टवर, आपल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात पाणी मुरते ते भेगांतून आणि मुरमाच्या थरातून. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखी साठवण त्याच्या पोटात नाही. कोकणात पाऊस धो धो कोसळतो आणि सह्याद्री ओलांडला की माणदेशात, मराठवाड्यात तोच हुलकावणी देतो. अशा राज्यात पाण्याचे धोरण एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंतच्या हिशेबाने आखून चालत नाही. ते टिकवायची जबाबदारी शेवटी विधिमंडळावर येते. ती किती पार पडली, हे गेल्या पन्नास वर्षांतल्या कायद्यांकडे पाहिले की कळते.

पहिले उदाहरण अभिमानाचे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची गरज साऱ्या राज्याला पटली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि ते काम बांधबंदिस्तीचे, पाझर तलावांचे, नालाबांधांचे. या कायद्याला व्यवसाय कराचा हक्काचा पैसा मिळाला. त्याच्यावर लक्ष ठेवायला विधिमंडळाची स्वतंत्र समिती आली. तिच्या दौऱ्यात अधिकाऱ्यांना कामाच्या जागेवर जाब द्यावा लागे. कायदा राबतो तो अशा पाठबळावर.

पाण्याच्या इतर कायद्यांना ते मिळाले नाही. राज्यात पूर्वी मुंबई इलाख्याचा १८७९ चा, मध्य प्रांताचा १९३१ चा आणि हैदराबाद संस्थानाचा, असे पाटबंधाऱ्यांचे तीन वेगवेगळे कायदे होते. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने ते एक केले. पण या कायद्याचे स्वतःचे नियम दशकानुदशके झाले नाहीत आणि कारभार जुन्याच नियमांवर चालत राहिला. जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी हा प्रश्न लेखांतून सातत्याने मांडला. नियमांवाचून अधिकारी कोण, गुन्हा कोणता, पाणी मोजायचे कसे, हे सारे लोंबकळत राहते.

१९९९ मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने नदीखोरे हा नियोजनाचा पाया मानला. त्यानंतर २००३ चे राज्य जलधोरण आले आणि २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. असे प्राधिकरण नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. एकात्मिक राज्य जल आराखडा करायचा आणि नवे प्रकल्प त्याच आराखड्यात बसवायचे, असे कायदा सांगत होता. आराखड्याला मंजुरी द्यायची ती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल परिषदेने. तिची पहिली बैठक झाली २०१५ मध्ये, तीही उच्च न्यायालयाने दखल घेतल्यावर. मधल्या दहा वर्षांत आराखड्याविनाच प्रकल्प मंजूर होत राहिले. २०११ च्या दुरुस्तीने तर पिण्याचे, शेतीचे आणि उद्योगाचे पाणी कोणाला किती, हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला.

तरीही या कायद्याची ताकद जायकवाडी धरणाच्या वादात दिसली. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातले पाणी वरच्या आणि खालच्या धरणांत समन्यायाने वाटावे, हे कलम हाती होते म्हणून मराठवाड्याला नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी मागता आले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने तसा निर्णय दिला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले.

जमिनीखालच्या पाण्याची कथा आणखी चिंतेची. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेता येणार नाही, असे १९९३ च्या कायद्याने ठरवले. त्याच्या जागी अधिक व्यापक भूजल अधिनियम विधिमंडळाने २००९ मध्ये मंजूर केला. तो अमलात आला जून २०१४ मध्ये आणि नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला २०१८ उजाडले. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरी नकोत, पाणलोटनिहाय समित्या असाव्यात, पिकांचे नियोजन उपलब्ध पाण्यावर बेतावे, असा हा शहाणा कायदा. तो कागदावर असताना बोअरची खोली वाढतच गेली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

हे नियम गावाला पेलणारे नाहीत, असे कोणी म्हणू नये. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला आणि पिके त्यानुसार ठरवली. त्याआधी सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटून दाखवले.

महाराष्ट्राला चांगले कायदे सुचले नाहीत, असे या आढाव्यातून कुठेही दिसत नाही. उणीव आहे ती मंजुरीनंतरच्या पाठपुराव्याची. रोजगार हमीला जशी विधिमंडळाची समिती मिळाली, तशीच पाण्याच्या सर्व कायद्यांसाठी दोन्ही सभागृहांची एक कायम समिती हवी. नियम झाले का, खोऱ्यांचे हिशेब मांडले का, भूजलाची पातळी कुठे आली, याचा अहवाल तिने दरवर्षी पटलावर ठेवावा. वाचकहो, पुढच्या वेळी तुमचा आमदार गावात आला, की मंजूर निधीबरोबरच भूजल कायद्याच्या नियमांचाही हिशेब त्याच्याकडे मागा.