दुसऱ्या पसंतीने निवडून आलेला राष्ट्रपती

बंगळूरच्या लालबागेतले काचघर पुष्पप्रदर्शनांसाठी प्रसिद्ध आहे. जुलै १९६९ मध्ये मात्र तिथे काँग्रेस महासमितीचे अधिवेशन भरले होते आणि सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता: राष्ट्रपती कोण? ३ मे रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले होते आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांचा कारभार पाहत होते.

१२ जुलैला बंगळूरमध्येच पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते; कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील यांना नीलम संजीव रेड्डी. आपल्या यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींनाच मत दिले आणि इंदिराजींची हार झाली. पण चारच दिवसांत मोरारजींचे अर्थखाते गेले. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरी अपक्ष उभे राहिले. रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिराजींनीच पुढे सदसद्विवेकाने मत देण्याचा आग्रह धरला.

तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले होते. आता जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा त्यांना पाठिंबा होता.

या निवडणुकीत खासदार-आमदार पसंतीक्रम लिहितात. बाजारात जाणाऱ्याला आपण सांगतोच ना, 'हापूस आण, नसला तर पायरी'! तसेच हे.

मतदान १६ ऑगस्टला आणि मोजणी २० ऑगस्टला झाली. विजयासाठी ४,१८,१६९ इतके मतमूल्य हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कुणीच जिंकले नाही! मागचे उमेदवार एकेक करून बाद झाले. देशमुखांची बहुसंख्य मते रेड्डींकडे गेली आणि अंतर झपाट्याने घटले. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. आवश्यक आकड्यापेक्षा गिरींकडे अवघी १,९०८ मते जास्त होती.

नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. बंगळूरला विरोधात मत देणारे यशवंतराव त्या वेळी इंदिराजींबरोबरच राहिले. रेड्डीही १९७७ साली राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध! मात्र २०२२ पर्यंतच्या दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रपती-निवडणुकीत निकालासाठी दुसरी पसंती मोजावी लागलेली नाही.