माळ्यावरील वायरिंग : कापूस भरण्यापूर्वी तपासा



बुलडाणा जिल्ह्यात घाटाखालच्या भागात, म्हणजे खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत वेचणीचा सर्व कापूस लगेच बाजारात जात नाही. भाव वाढण्याची वाट पाहत तो पुष्कळ घरांत उन्हाळ्यापर्यंत भरलेला असतो. खोली पुरली नाही की माळ्यावरही रचला जातो. घराचे वायरिंगही बहुधा त्याच माळ्यावरून गेलेले असते. पीक विमा हा शेतातील पिकाचा असतो. घरात साठवलेला कापूस आगीत गेला तर त्यातून भरपाई मिळत नाही. म्हणून माळ्यावरील तारेकडे वेळीच लक्ष देणे आवश्यक आहे.

माळ्यावर तार का बिघडते?

पहिले कारण उष्णता. घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी तार ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरण्यासाठी बनविलेली असते. प्रवाह वाहताना तार स्वतःही तापते. भोवतालची हवा ४० अंश असेल तर तारेला तापण्यास ३० अंशांची मुभा राहते. मे महिन्यात टिनपत्र्याखालची हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर ही मुभा १० अंशांचीच उरते. हिशेब केल्यास अशा जागी तारेची क्षमता ४० अंशांच्या तुलनेत सुमारे ५८ टक्के राहते. म्हणजे १० अँपिअर वाहणारी तार तेथे ६ अँपिअरलाही पुरत नाही. त्यावर कापूस पडला तर उष्णता बाहेर जाण्याचा मार्गही बंद होतो. कूलर व पंखे याच दिवसांत जास्त चालतात, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे कारण उंदीर. सरकीच्या ओढीने ते माळ्यावर येतात. त्यांचे पुढचे दात सतत वाढत असल्याने काहीतरी कुरतडत राहणे त्यांना भागच असते. आवरण गेलेल्या दोन तारा जवळ आल्या की ठिणगी पडते.

तिसरे कारण सैल सांधा. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा काही वर्षांत ढिला होतो. समजा, अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला व त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे ५० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता एका ठिकाणी साठते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “एमसीबी बसविला आहे, आता काळजी नाही,” असे अनेकजण म्हणतात. एमसीबी प्रवाह वाढला तरच पडतो. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबी पडत नाही आणि सांधा तापतच राहतो. म्हणून तार व सांधा सुरक्षित जागी असणे हाच खरा उपाय आहे.

नियम काय सांगतात?

१९५६ चे भारतीय विद्युत नियम आता लागू नाहीत. विद्युत कायदा २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले व त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. वायरिंग कसे करावे याचे मार्गदर्शन भारतीय मानक ७३२ मध्ये आहे. वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. मीटरच्या पुढील वायरिंग सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची असते.

अमेरिकेत घरोघरी छपराखाली माळा असतो. तेथील संहितेत माळ्यासाठी वेगळा नियम आहे. कायम जिना किंवा शिडी असलेल्या माळ्यावर तुळयांच्या वरून आडवी गेलेली केबल, तसेच जमिनीपासून सुमारे २.१ मीटरच्या आत वाशांवरून आडवी गेलेली केबल, केबलइतक्या उंचीच्या पट्ट्या ठोकून सुरक्षित करावी लागते. कायम शिडी नसेल तर वर चढण्याच्या झरोक्यापासून सुमारे १.८ मीटरपर्यंत असे संरक्षण हवे. तुळईच्या बाजूने, तिच्या लांबीला धरून नेलेल्या केबलला अशा पट्ट्या लागत नाहीत. यामागील तत्त्व सोपे आहे : जेथे माणसाचा पाय व सामान पोचते, तेथे तारेला आडोसा हवा. आपल्या माळ्यालाही हे लागू पडते.

काय करावे?

१) माळ्यावरील तार मोकळी सोडू नये. जाड पीव्हीसी किंवा लोखंडी पाईपमधून कडेने, भिंतीला किंवा तुळईला धरून न्यावी. लोखंडी पाईपला अर्थिंग करावे. पाईपची तोंडे उंदीर शिरणार नाहीत अशी बंद करावीत.

२) सांधा झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्येच, स्क्रूच्या कनेक्टरने करावा. बॉक्स सहज उघडता येईल अशा जागी असावा व त्यावर माल रचू नये.

३) कूलर किंवा पाणी तापविण्याच्या रॉडची लाईन माळ्यावरून नेऊ नये. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व ६ अँपिअरचा एमसीबी ठेवावा.

४) किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालू नये.

५) माणसाला विजेचा धक्का बसू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. उंदराने कुरतडलेल्या तारेतून वीज अर्थिंगच्या पाईपमध्ये उतरली, तर तो पुरवठा तोडतो. सैल सांध्यावर मात्र त्याचा उपयोग नाही.

६) कापसाजवळ उघडा बल्ब लावू नये. काचेच्या झाकणातील एलईडी दिवा लावावा. तारेपासून व दिव्यापासून कापूस किमान हातभर दूर ठेवावा.

७) जुन्या लाकडी पट्टीवरील वायरिंगचे आवरण वाकवल्यावर तडकत असेल, तर ते जोडत न बसता बदलावे.

तपासणी केव्हा करावी?

पोळा ते दसरा या काळात, पहिली वेचणी घरात येण्यापूर्वी माळा मोकळा असतो. तेव्हाच परवानाधारक वीजतंत्र्याकडून मेगरने तपासणी करून घ्यावी. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट लावून तार व अर्थिंग यांमधील रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. कमी भरल्यास दोष सापडेपर्यंत माळ्यावर कापूस चढवू नये.

जळकट वास आला, दिवा लुकलुकला किंवा स्विच गरम लागला तर प्रथम मेन स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी मारू नये. अग्निशमन गाडी शहरातून गावात पोचेपर्यंत वेळ जातो, आणि कापूस तेवढा वेळ देत नाही. वर्षभराच्या मेहनतीचा माल ज्या छपराखाली ठेवायचा, त्या छपराखालची तार आधी पाहून घ्यावी.