आतड्याचा आजार, सांध्यांचे दुखणे : औषध वाढवण्याआधी सोनोग्राफीचा आधार

जबलपूर : आतड्याच्या दाहक आजाराच्या रुग्णाचा गुडघा वा घोटा दुखू लागला, तर औषध वाढवावे की नाही, हा निर्णय अवघड असतो. दुखणे सांध्यातील दाहामुळेच आहे की अन्य कारणाने, हे हाताने तपासून नेहमी कळत नाही. अशा वेळी सांध्यांची सोनोग्राफी उपयुक्त ठरते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे या गटातील दोन प्रमुख आजार. त्यांच्यासोबत हातापायांत येणाऱ्या संधिवाताचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात पाचपेक्षा कमी, बहुधा मोठे सांधे सुजतात आणि आतड्याचा आजार बळावला की तेही बळावतात. दुसऱ्यात पाच किंवा अधिक, मुख्यतः लहान सांधे दुखतात. पोट शांत असतानाही हे दुखणे सुरू राहू शकते.

सोनोग्राफीत सांध्यातील पाणी, जाड झालेले अस्तर आणि टाचेमागील कंडरा हाडाला जुळते तेथील सूज दिसते. पॉवर डॉप्लर तंत्राने तेथील वाढलेला रक्तप्रवाह टिपता येतो. तो सक्रिय दाहाची खूण मानला जातो. त्याला ० ते ३ अशी श्रेणी देऊन पुढील तपासणीशी तुलना करता येते. क्ष-किरणांचा संपर्क नसल्याने ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

औषधनिवडीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही जैविक औषधे आतडे आणि सांधे दोहोंवर उपयोगी पडतात. मात्र ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची चाचणी आवश्यक असते. दाह नसताना अशी औषधे वाढवणे जोखमीचे, तर दाह असताना थांबणे सांध्याला हानिकारक ठरू शकते.

या तपासणीला मर्यादाही आहेत. तिची अचूकता तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. पाठीचा कणा आणि कमरेच्या सांध्यांतील दाहासाठी एमआरआयच करावा लागतो. सकाळी कंबर आखडणे हे त्याचे लक्षण असू शकते.

मंडला, सिवनी, नरसिंहपूर येथील रुग्ण उपचारांसाठी जबलपूरला येतात. लांबून वारंवार यावे लागणाऱ्या अशा रुग्णांची, प्रशिक्षित डॉक्टर उपलब्ध असल्यास, त्याच भेटीत सांध्यांची पाहणी होऊ शकते. मात्र १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार सोनोग्राफी केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे.

पोटाच्या विकारावर उपचार घेताना सांधे सुजल्यास किंवा आखडल्यास ते डॉक्टरांना सांगावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत.