हजार मैल आणि एक गुंडाळी

मिले मिल्या या इटालियन शर्यतीत गाडीवरचा नंबर म्हणजे तिची सुटण्याची वेळ. 722 नंबरची गाडी सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटलेली. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या मनगटावर घड्याळ असलं, की त्याला घरबसल्या हिशेब मांडता यायचा. समोरून 700 नंबर गेला आणि तीनच मिनिटांनी 722 गेला, म्हणजे मागच्याने बावीस मिनिटांतली एकोणीस मिनिटं खाल्ली. ना मोठा फलक, ना कर्ण्यावरची घोषणा. लाखो माणसं अशी दारात, बांधावर, पुलाच्या कठड्यावर बसून ही शर्यत बघत असत.

ब्रेशा या उत्तर इटलीतल्या शहरातून निघायचं, एड्रियाटिक समुद्राच्या कडेने खाली उतरायचं, डोंगर ओलांडून रोमला जायचं, मग सिएना, फ्लॉरेन्स, बोलोन्या करत पुन्हा ब्रेशाला पोचायचं. एकूण सुमारे 1,600 किलोमीटर, म्हणजे साधारण हजार मैल. शर्यतीचं नावही तेच. यासाठी वेगळा ट्रॅक नव्हता. ज्या रस्त्यावरून सोमवारी दुधाची गाडी जाणार, त्याच रस्त्यावरून रविवारी फेरारी जाणार.

सुरुवात 1927 सालची, आणि तिच्या मुळाशी एक रुसवा आहे. इटलीतली पहिली ग्रां प्री 1921 मध्ये ब्रेशाजवळ झाली. पुढच्याच वर्षी ती मोंझाच्या नव्या ट्रॅकवर गेली आणि ब्रेशाकरांच्या हाती काही उरलं नाही. तेव्हा आयमो माजी, फ्रांको माझोत्ती, रेंझो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी ठरवलं, की ट्रॅक गेला तर जाऊ दे, अख्ख्या देशाचा रस्ताच आपला ट्रॅक. पहिली शर्यत ओएम या ब्रेशाच्याच कारखान्याच्या गाडीने जिंकली. विजेत्यांना 21 तासांहून थोडा जास्त वेळ लागला होता. तिथून अठ्ठावीस वर्षांनी तेवढंच अंतर दहा तासांत कापलं गेलं.

मोटारींच्या प्रगतीचं हे माप आहेच, पण शर्यतीची खरी मेख गाडीत नव्हती, रस्त्यात होती. ट्रॅकवर एक वळण दिवसातून पन्नास वेळा येतं. चौथ्या फेरीला ते पाठ झालेलं असतं. इथे प्रत्येक वळण एकदाच. हजारो वळणं, उंचवटे, रेल्वे फाटकं, ट्रामचे रूळ, गावातली चिंचोळी गल्ली. पुढे काय आहे हे माहीत असलेला चालक तिथे पाय न उचलता जातो, माहीत नसलेला ब्रेक दाबतो. त्यामुळे जिंकायचे ते इटालियनच. तारुफी, बियोंदेत्ती यांसारखे चालक या रस्त्यांवरून वर्षानुवर्षं धावलेले होते. बियोंदेत्तीने तर चार वेळा बाजी मारली. पूर्ण मार्गाच्या शर्यतीत 1955 पर्यंत बाहेरचा विजेता एकच, 1931 चा जर्मन चालक काराचिओला.

1955 मध्ये मर्सिडीजने हे गणित बदलायचं ठरवलं. गाडी होती 300 एसएलआर. तीन लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन, थेट इंधन फवारणी, 300 च्या वर अश्वशक्ती आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची हलकी बॉडी. चार गाड्या, चार चालक. त्यांतले तिघे म्हणजे अर्जेंटिनाचा जगज्जेता फांजिओ आणि कार्ल क्लिंग, हान्स हेरमान हे दोन जर्मन. चौथा पंचविशीतला इंग्रज, स्टर्लिंग मॉस. मॉसशेजारच्या आसनावर मेकॅनिक नव्हता, पत्रकार होता.

डेनिस जेंकिन्सन हा ठेंगणा, दाढीवाला, जाड चष्म्याचा माणूस. ‘मोटर स्पोर्ट’ या इंग्रजी मासिकासाठी तो युरोपभर हिंडून शर्यतींची वार्तापत्रं लिहायचा. पण त्याला नुसता लेखणीबहाद्दर समजू नये. 1949 मध्ये एरिक ऑलिव्हर साइडकारच्या शर्यतींत जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या साइडकारमध्ये बसून वळणावर जमिनीला घासेपर्यंत अंग झोकणारा माणूस हाच. दुसऱ्याच्या हाती चाक असताना भलत्या वेगात शांत बसायचं कसब त्याच्या अंगात मुरलेलं होतं. मला विचाराल तर मर्सिडीजच्या त्या गाडीतला सर्वांत दुर्मीळ भाग हाच.

कल्पना मुळात जेंकिन्सन आणि अमेरिकन चालक जॉन फिच यांच्या बोलण्यातून आली होती. रस्ता पाठ करता येत नसेल तर लिहून घ्यावा. फिचला वेगळ्या, कमी ताकदीच्या गाडीवर जावं लागलं, तेव्हा त्याने मोठ्या मनाने जेंकिन्सनला मॉसकडे जाऊ दिलं. मग या दोघांनी सरावाच्या गाडीतून तो संपूर्ण मार्ग पुन्हा पुन्हा पालथा घातला. सरावात एक गाडी लष्करी ट्रकवर आपटून निकामीही झाली. प्रत्येक धोक्याची नोंद किलोमीटरच्या दगडाच्या हिशेबाने झाली. वळणांच्या प्रती ठरल्या. काही नुसती खट्याळ, काही फसवी, काही जिवावर बेतणारी. आणखी एक नोंद मोलाची होती: पुढचं काहीच दिसत नाही, पण रस्ता सरळ आहे, बिनधास्त जा, असे उंचवटे. वेळ वाचतो तो तिथे. धोक्याला तर सगळेच जपतात.

या नोंदींची सतरा पानं झाली. वाऱ्यात पानं उलटायची कशी? म्हणून सगळा मजकूर सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या एकाच कागदाच्या पट्टीवर उतरवला आणि ती पट्टी अॅल्युमिनियमच्या छोट्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. डबीला वर पारदर्शक खिडकी, बाजूला फिरवायची कळ. पाऊस आला तरी आत पाणी जाऊ नये म्हणून कडा चिकटपट्टीने बंद. सोवळ्यातली पोथी जपावी तशी ती डबी जेंकिन्सनने दहा तास मांडीवर धरली.

आता वाचलेलं मॉसला सांगायचं कसं? उघड्या गाडीत इंजिनाच्या आवाजापुढे ओरडून उपयोग नव्हता. दोघांमध्ये बोलण्याची तार बसवून पाहिली, तेव्हा एक विचित्र गोष्ट कळली. चालक आपली सगळी शक्ती पणाला लावून गाडी हाकत असला, की कानात पडलेलं त्याच्या डोक्यात शिरतच नाही. आवाज येतो, अर्थ पोचत नाही. डोळ्याला मात्र हाताची खूण लगेच कळते. म्हणून तार काढून टाकली आणि पंधराएक खुणा ठरवल्या. मोटारींच्या रॅलीत आज सहचालक वहीतून नोंदी वाचून दाखवतो. नाशिकच्या डोंगराळ रस्त्यांवर झालेल्या रॅलींतही हेच चालतं, आणि तिथे कानातली तार उत्तम काम करते. मग मॉसला ती का चालली नाही? माझा अंदाज असा की यंत्रं तेव्हा कच्ची होती, आणि ऐकत चालवायची सवय कुणालाच नव्हती. पण खुणांनी काम भागलं हे खरं.

1 मे 1955. छोट्या गाड्या आदल्या रात्रीपासूनच मिनिटामिनिटाने सुटत होत्या. पाचशेच्या वर स्पर्धक, आणि त्यांतले कितीतरी आपल्यासारखेच हौशी, घरची गाडी घेऊन आलेले. मुंबईत जिला डुक्कर फियाट म्हणत, ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट 1100. तिची इटालियन भावंडं या शर्यतीत ढिगाने असत. बलाढ्य गाड्या सगळ्यांत शेवटी सुटत, म्हणजे मॉसला स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांच्या आधी या सगळ्या फियाटवाल्यांना ओलांडायचं होतं, भर गावात, 200 च्या वेगाने.

पादुआच्या वेशीवर मॉसचा अंदाज चुकला आणि गाडी गवताच्या भाऱ्यांवर घासली. मागून आलेला फेरारीचा कास्तेलोत्ती हसत हसत पुढे निघून गेला. पण कास्तेलोत्ती टायरची पर्वा न करता गाडी पिळत होता. पुढे रावेन्नाला तो टायर बदलताना दिसला. तिथून समुद्राकाठचा सरळ रस्ता लागतो, आणि त्या गुंडाळीची खरी कमाई तिथली. समोर उंचवटा, पलीकडे काय ते दिसत नाही, वेग ताशी 270 च्या आसपास. जेंकिन्सन हाताने ‘सरळ’ अशी खूण करतो आणि मॉस पाय जराही उचलत नाही. चारही चाकं जमीन सोडतात, गाडी हवेतून जाते आणि पलीकडे खरोखरच सरळ रस्ता असतो. विचार करून पाहा: स्वतःच्या डोळ्यांना काही दिसत नसताना शेजारच्याच्या कागदावर विसंबून असा पाय दाबून ठेवायचा. फांजिओसारखा महान चालक एकटाच गाडीत होता. 1948 मध्ये पेरूतल्या अपघातात त्याचा सहचालक उरुटिया दगावला होता, आणि त्यानंतर शेजारी कुणाला बसवायला तो तयार नव्हता.

जेंकिन्सनचे हाल कमी झाले नाहीत. वळणांवर मान खाली घालून वाचायचं म्हणजे पोटात ढवळणारच. त्याने बाहेर तोंड काढून उलटी केली आणि वाऱ्याच्या झोताने चष्मा उडून गेला. नशिबाने दुसरा चष्मा खिशात होता. तो नसता तर साडेपाच मीटर कागद वाया गेला असता आणि हा लेखही लिहावा लागला नसता. उसळलेलं पेट्रोल मानेवरून पाठीत गेलं, ते वेगळंच.

रोमला मॉस सर्वांत पुढे होता. इटलीत एक म्हण रूढ होती, की रोमला जो पहिला तो ब्रेशाला कधीच पहिला नसतो. पुढे फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा फुता आणि रातिकोसा या दोन घाटांचा टप्पा. तासाच्या आत तो पार करायची मॉसची ईर्षा होती. एक तास एक मिनिट लागलं. त्याच घाटात हेरमानची गाडी बाद झाली, क्लिंग त्याआधीच रस्त्याबाहेर गेला होता. फांजिओचं एक सिलिंडर बंद पडलं, तरी तो दुसरा आला. मॉस ब्रेशाला पोचला तेव्हा 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद झाली होती. सरासरी वेग ताशी 157 किलोमीटरच्या पुढे, आणि यात गावं, घाट, इंधनाचे थांबे सगळं धरलेलं. फांजिओ त्याच्या 32 मिनिटं मागे. हा विक्रम कुणी मोडला नाही. त्या रात्री झोपायचं सोडून मॉस आपल्या साध्या गाडीत बसला आणि जर्मनीला निघाला.

कागदावर त्याच गोष्टी लिहिता येतात ज्या जागच्या हलत नाहीत. वळण हलत नाही, फाटक हलत नाही. प्रेक्षक मात्र हलतात, आणि गाडी जवळून बघायला एक एक पाऊल पुढे सरकतात. हे शर्यतीला आधीही भोवलं होतं. 1938 मध्ये बोलोन्यात एक लान्शिया गर्दीत घुसली, दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं होती. मुसोलिनीच्या सरकारने शर्यत थांबवली. 1940 मध्ये ती बंद त्रिकोणी मार्गावर झाली आणि युद्धानंतर 1947 मध्ये पुन्हा जुन्या वाटेवर आली. 1955 च्या विजयाला दीड महिनाही झाला नव्हता, तोच फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत दुसरी एक 300 एसएलआर कठड्यावर आदळून गर्दीत फुटली. ऐंशीहून अधिक माणसं मेली. मर्सिडीजने वर्षअखेर शर्यतींतून अंग काढून घेतलं. मिले मिल्या मात्र चालूच राहिली.

मॉस आणि जेंकिन्सन पुढेही आले, पण मासेराटीतून. 1956 मध्ये गाडी डोंगरउतारावरून घसरली, एका झाडाने अडवली म्हणून दोघे वाचले. 12 मे 1957 ला तर सुरुवातीपासून काही किलोमीटरवरच ब्रेकचं पेडल तुटलं आणि शर्यत तिथेच संपली. त्याच दिवशी दुपारी, शेवट पन्नास किलोमीटरहून कमी उरला असताना, ग्विदित्झोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर स्पॅनिश सरदार अल्फोन्सो द पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा सहचालक नेल्सन आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊंत पाच मुलं होती.

एक गोष्ट या हकिकतीत सहसा सांगितली जात नाही. ग्विदित्झोलो ज्या टप्प्यात येतं तो मंतुआमार्गे जाणारा टप्पा आधी शर्यतीच्या पूर्ण मार्गात नव्हताच. मंतुआचा थोर चालक नुव्होलारी 1953 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ 1954 पासून मार्ग तिकडून वळवला आणि क्रेमोना ते ब्रेशा या सपाट, सरळ तुकड्यावर सर्वांत वेगवान असेल त्याच्यासाठी खास बक्षीस ठेवलं. 1955 मध्ये ते मॉसनेच पटकावलं, ताशी जवळजवळ 200 च्या सरासरीने. दहा तासांचा थकवा अंगात, टायर झिजलेले, घर जवळ आलेलं आणि वर वेगासाठी इनाम. हेतू आदराचाच होता, पण आयोजकांनी शर्यतीतला सर्वांत धोक्याचा तास स्वतःच्या हाताने आखला, असं माझं मत आहे.

इटालियन सरकारने काही दिवसांतच सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींवर बंदी घातली. टायरच्या प्रश्नावरून एन्झो फेरारीवर खटला भरला गेला. तो निर्दोष सुटायला 1961 उजाडलं. 1977 पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांचा सोहळा भरतो, पण तिथे वेगाला नव्हे, ठरलेली वेळ काटेकोर पाळण्याला गुण आहेत. 1957 ची शेवटची शर्यत जिंकली पन्नाशीच्या पिएरो तारुफीने, कित्येक वर्षांच्या प्रयत्नांनंतर पहिल्यांदाच. बायकोला दिलेल्या शब्दाप्रमाणे तो तिथेच निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहून त्याने सांगितलं, की आम्ही आणखी माणसं मारण्याआधी आम्हाला थांबवा.