डोळ्याच्या पडद्याखालील रक्तस्राव : मूळ औषध आणि समरूप औषध

फळ्यावर आखलेली सरळ रेघ एके दिवशी मध्येच वाकडी दिसू लागली, तर आपण चष्म्याला दोष देतो आणि गप्प बसतो. पन्नाशी उलटलेल्या वाचकांनी तसे करू नये, अशी आमची विनंती आहे.

डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे ही कामे त्याची. उतारवयात कधी कधी त्याच्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या झिरपतात आणि पडद्याखाली रक्त साचते. शरीरातीलच एक प्रथिन या वाहिन्यांच्या वाढीला उत्तेजन देते. रॅनिबिझुमॅब हे औषध त्या प्रथिनाला बांधून ठेवते. अमेरिकेत २००६ साली ‘ल्युसेंटिस’ या नावाने त्याला मान्यता मिळाली. ०.०५ मिलिलिटर एवढेसे औषध सुईने डोळ्यात सोडतात.

परंतु एका सुईने भागत नाही. आरंभी बहुधा दरमहा आणि पुढे कित्येक वर्षे ती घ्यावी लागते. खर्चापायी दोन-तीन सुयांनंतर उपचार सोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने स्वस्त समरूप औषधाचा, म्हणजे बायोसिमिलरचा, प्रश्न महत्त्वाचा आहे.

स्वस्त म्हणजे नकली काय? तसे नव्हे. ॲस्पिरिनच्या रेणूत अवघे २१ अणू असतात. तो कोणत्याही कारखान्यात तंतोतंत तसाच बनतो. रॅनिबिझुमॅबच्या रेणूत हजारो अणू असून तो जिवंत जिवाणूंकडून घडवून घ्यावा लागतो. एकाच झाडाचे दोन आंबेही हुबेहूब एक नसतात. त्याचप्रमाणे मूळ औषधाच्या दोन खेपांतही किंचित फरक असतो. म्हणून समरूप औषधाला रचना, शुद्धता आणि रुग्णावरील परिणाम यांची मूळ औषधाशी तुलना करून दाखवावी लागते.

भारतात इंटास कंपनीचे ‘रॅझुमॅब’ २०१५ साली आले. अमेरिकेत २०२१ साली ‘ब्यूविझ’ला मान्यता मिळाली. ७०५ रुग्णांवरील त्याच्या चाचणीत आठ आठवड्यांनी समरूप औषध घेतलेल्यांना तक्त्यावरील सरासरी ६.२ अक्षरे अधिक वाचता आली, मूळ औषध घेतलेल्यांना ७. हा फरक एका अक्षराहूनही कमी आहे.

तथापि सावधगिरी हवीच. ‘रॅझुमॅब’च्या आरंभीच्या काही खेपांनंतर डोळ्यांत दाह झाल्याची नोंद आहे, पुढे निर्मितीत सुधारणा करण्यात आली. म्हणून प्रत्येक सुईच्या वेळी औषधाचे नाव व खेप क्रमांक लिहून ठेवावा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्ताचा साठा मोठा असेल तर नुसती सुई पुरत नाही. तेथे वायू सोडणे किंवा शस्त्रक्रिया यांचाही विचार करावा लागतो.

तात्पर्य, परवडत नाही म्हणून सुई चुकविण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने समरूप औषध वेळेवर घेणे शहाणपणाचे. रुग्णसाह्य करणाऱ्यांनीही पहिल्याच सुईचे पैसे देऊन थांबू नये. पुढच्या सुयांचीही तरतूद करावी. अर्धवट उपचाराने गेलेली नजर बहुधा परत मिळत नाही.