सुट्टीवरून परतल्यावर खुर्ची असते का?

तो फोटो तुमच्याही फीडवर आला असणार. ६ मार्च २०२२. न्यूझीलंडमधलं माउंट माँगानुई, महिला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच. आपण १०७ रन्सनी जिंकलो होतो. मॅच संपल्यावर आपल्या सगळ्या पोरी पाकिस्तानची कॅप्टन बिस्माह मारूफच्या भोवती जमल्या, कारण तिच्या कडेवर तिची सहा-सात महिन्यांची मुलगी होती. कुणी टाळ्या वाजवून तिला हसवतंय, कुणी सेल्फी काढतंय. मी तेव्हा एफवायला होते. आमच्या ग्रुपवर दिवसभर ‘सो क्यूट’ चाललं होतं आणि त्यात माझेही चार-पाच हार्ट होते.

तो फोटो निघाला कसा, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं. २०२१ मध्ये पाकिस्तान क्रिकेट बोर्डानं एक पॉलिसी आणली. महिला खेळाडूला बारा महिन्यांपर्यंत भरपगारी रजा, पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं आणि परत आल्यावर दौऱ्यावर बाळाला सांभाळायला एक माणूस सोबत नेण्याची सोय. बिस्माहनं याचा फायदा घेतला, ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली आणि सातेक महिन्यांत ती वर्ल्ड कपमध्ये टॉसला उभी होती. तेही कॅप्टन म्हणून. मला विचाराल तर त्या फोटोतली सर्वांत भारी गोष्ट हीच आहे. ‘ये, आता खालच्या नंबरवर बॅटिंग कर’ असं तिला कुणी सांगितलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या सगळीकडे चाललेला प्लेसमेंटचा सीझन. कट्ट्यावर एकच चर्चा. पॅकेज किती, इन-हँड किती, बाँड आहे का, शनिवार सुट्टी का. रजेचं, घरचं कुणीच विचारत नाही. ‘ते लग्न झालेल्यांचं असतं गं’, असं माझी मैत्रीण म्हणाली. मलाही दीड वर्षापूर्वी असंच वाटायचं.

मग माझ्या आधीच्या इंटर्नशिपमध्ये बाबांना डेंग्यू झाला. प्लेटलेट्स घसरत होत्या, आई रात्री हॉस्पिटलमध्ये आणि दिवसा कुणीतरी थांबायला हवं होतं. मी दोन दिवस मागितले. ‘इंटर्नला लीव्ह नसते’, एवढंच उत्तर आलं. मी गेले. स्टायपेंड कापला गेला, त्याचं वाईट वाटलं नाही. पण शेवटच्या दिवशीच्या रिव्ह्यूत ‘कमिटमेंट कमी’ असं लिहून आलं, ते अजून डोक्यात आहे. (सध्या जिथे आहे तिथल्या वरिष्ठांनी काळजी करू नये, हे तुमच्याबद्दल नाही!)

म्हणजे घर मध्ये यायला लग्न व्हावं लागत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पटकन बघू. मातृत्व रजेचा मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. अट एवढीच की, आधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम केलेलं असावं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. आपल्यासाठी सगळ्यात कामाची तरतूद मात्र वेगळीच आहे. नोकरीला घेतानाच हे सगळे फायदे प्रत्येक महिलेला लेखी आणि ईमेलनं कळवायचे असतात. तुमच्यापैकी कुणाच्या ऑफर लेटरसोबत असं काही आलंय का? मी सात-आठ सीनियर मुलींना विचारलं. एकीनं ‘हो’ म्हटलं.

मुलांसाठी? केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवस. खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही, कंपनीची मर्जी. झोमॅटोनं २०१९ मध्ये वडिलांनाही आईइतकीच, २६ आठवड्यांची रजा जाहीर केली तेव्हा केवढी बातमी झाली होती. बातमी झाली, यातच काय ते आलं.

कायद्यात एक गोची आहे. ईएसआयमध्ये येणारे कमी पगाराचे कर्मचारी सोडले तर २६ आठवड्यांचा पगार कंपनीच्या खिशातून जातो. सरकार भर घालत नाही. मग मुलाखतीत ‘लग्नाचा काय प्लॅन?’ हा प्रश्न हसत हसत येतो. रजा कागदावर वाढली, पण मुलीला घेतानाच हात आखडला, तर ती रजा घेणार कोण?

यावर वाचताना मला क्लॉडिया गोल्डिन भेटल्या. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाईच्या आणि पुरुषाच्या पगारातली मोठी दरी आता शिक्षणामुळे नाही, तर पहिल्या मुलानंतर पडते, असं त्या दाखवतात. कारण बऱ्याच ठिकाणी रात्री अकराला फोन उचलणाऱ्याला फक्त जास्त नाही, तर कितीतरी पट जास्त मिळतं. घरी तो फोन न उचलू शकणारा एक जण लागतोच आणि तो बहुतेक वेळा ‘ती’ असते. त्यांनी दिलेलं अमेरिकेतल्या फार्मासिस्टचं उदाहरण मला फार आवडलं. औषधांच्या मोठ्या साखळी दुकानांत पेशंटची सगळी माहिती कॉम्प्युटरवर असते. त्यामुळे एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहू शकतो, कमी तास काम करणाऱ्याचा तासाचा दर फारसा घसरत नाही आणि दरीही कमी आहे. म्हणजे मालकाचं मन मोठं असणं पुरेसं नाही. तुमच्या जागी दोन महिने कोण उभं राहणार, याची सोय त्यानं केलेली असावी लागते.

हे वाचून मला थेट अजिंक्य रहाणे आठवला! डिसेंबर २०२०. ॲडलेडला आपण ३६ वर ऑलआउट आणि त्याच वेळी विराट पहिल्या बाळासाठी घरी निघालेला. बीसीसीआयनं रजा आधीच मंजूर केली होती. किती शिव्या पडल्या ते आठवतंय ना? रहाणेनं कॅप्टन्सी घेतली, मेलबर्नला सेंच्युरी मारली आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनमध्ये सीरिज २-१ अशी खिशात. पुढच्याच महिन्यात इंग्लंडविरुद्ध विराट परत कॅप्टन. गेला, दुसऱ्यानं सांभाळलं, आला, खुर्ची होती.

पण त्याच दौऱ्यावर टी. नटराजनही होता. आयपीएल चालू असताना त्याला मुलगी झाली आणि तो दुबईहून थेट ऑस्ट्रेलियाला गेला, नेट बॉलर म्हणून. पुढे तिन्ही फॉरमॅटमध्ये खेळला, पण मुलीला पाहिलं ते जानेवारीत घरी परतल्यावरच. सुनील गावसकरांनी तेव्हा कॉलममध्ये हाच मुद्दा काढला होता, मोठ्याला एक नियम आणि नव्याला दुसरा. स्वतः गावसकर १९७६ मध्ये मुलाच्या जन्माच्या वेळी न्यूझीलंड-वेस्ट इंडिजच्या लांबलचक दौऱ्यावर होते. आपण कॉलेजमधून बाहेर पडतो ते नटराजन म्हणून, विराट म्हणून नाही. त्यामुळे कंपनीची पॉलिसी बघताना ‘सीईओनं रजा घेतली’ यापेक्षा ‘जॉइन होऊन वर्षच झालेल्यानं रजा घेतली तेव्हा काय झालं’ हे शोधायला हवं.

आता घरचं उदाहरण. मी तिसरीत होते तेव्हा आजीला अर्धांगवायूचा झटका आला. आई भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघायची. एचआर वगैरे प्रकार तिथे नव्हता, अजूनही नाही. आई राजीनामा लिहून घेऊन गेली. साहेब म्हणाले, ‘मॅडम, राजीनामा राहू दे, वेळ बदला.’ फर्स्ट शिफ्ट सातला सुरू व्हायचीच, मग ऑफिस सातला उघडायला काय हरकत आहे? आई सात ते तीन जायला लागली. सकाळचं आजीचं सगळं बाबांनी घेतलं आणि दुपारची सेकंड शिफ्ट मागून घेतली. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासात शेजारच्या काकू येऊन बसायच्या. असं चार वर्षं चाललं.

साहेबांचं खरं कौतुक मला पुढच्या गोष्टीचं वाटतं. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा क्लासला कुणाला पाठवायचं हा प्रश्न होता. ‘त्या लवकर घरी जातात’ म्हणून आईला वगळणं सोपं होतं. त्यांनी तिलाच पाठवलं, फी कंपनीनं भरली. आज आईच्या हाताखाली तिघं आहेत.

मी हे लिहितेय म्हटल्यावर आई म्हणाली, ‘उपकार केल्यासारखं लिहू नकोस हं. नवीन माणूस शिकवायला त्यांचे सहा महिने गेले असते.’ आणि मग थोडं थांबून, ‘वेळ बदलली त्यानंतर दोन वर्षं पगार वाढला नव्हता. मीपण विचारलं नाही.’ हे मला माहीतच नव्हतं. का नाही विचारलंस, म्हटलं तर म्हणाली, ‘वेळ दिली हेच खूप वाटायचं तेव्हा.’

चांगल्या मालकाच्या गोष्टीतही हा कोपरा असतोच. सवलत मिळाली की, आपण आवाज खाली करतो. त्यात टीममधले बाकीचे, विशेषतः ज्यांना ‘तुला कुठे घर आहे’ असं म्हणून शनिवारी बोलावलं जातं ते, मनातून चिडलेले असतात. त्यांचंही चूक नाही. रजेवरच्या माणसाचं काम फुकटात बाकीच्यांवर टाकायचं, हा काही सपोर्ट नव्हे.

काही ठिकाणी यापुढचा विचार झालाय. घरच्या कारणानं मध्ये गॅप पडलेल्या बायकांसाठी टाटा ग्रुपनं २००८ मध्ये सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम सुरू केला. इंटर्नशिप हा शब्द फक्त आपल्यासारख्या विशीतल्या पोरांसाठी नाही, हे मला त्यातून कळलं.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात एका कंपनीचं प्री-प्लेसमेंट टॉक होतं. ‘एनी क्वेश्चन्स?’ झाल्यावर मागच्या बाकावरचा आमचा एक मित्र उठला. सांगलीचा, एकुलता एक, आईचं दर महिन्याला चेकअप असतं. त्यानं विचारलं, ‘लीव्हवरून परत आल्यावर तीच टीम मिळते का? आणि त्या वर्षीचं अप्रेझल होतं का?’ पोरं हसली. कुणीतरी ‘लग्न ठरलं का रे’ असं ओरडलं. एचआर मॅडमनी मात्र पेन काढून प्रश्न लिहून घेतला आणि मेल करते म्हणाल्या.

चार दिवसांनी खरंच मेल आला. चौदा पानी पीडीएफ. पितृत्व रजा पाच दिवस, आई-वडिलांच्या आजारपणासाठी वेगळं काही नाही, टीम ‘शक्यतो’ तीच. अप्रेझलच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यानं तो प्रश्न परत पाठवलाय. जॉइनिंग एक तारखेला आहे.