झिपरी बंटी आणि तिचा कोट

मे महिन्यात, भर दुपारी, पेणच्या बाजारपेठेत सगळ्यात जास्त मेहनत कोण करत असतं? दुकानाच्या पायरीखाली ओल्या मातीत पोट टेकून, जीभ बाहेर लोंबवून पडलेला गावठी कुत्रा! डोळे अर्धे मिटलेले, पण भाता चालूच: हॅ हॅ हॅ हॅ. त्याला उठवू नका, तो अंग गार करायच्या कामात आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा येतो, तो पंजांच्या गाद्यांना. म्हणून तो धापा टाकतो, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन उडून जाते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. पण कोकणातली हवा आधीच बाष्पाने भरलेली. पेणच्या पापडवाल्या काकूंना विचारा, ढगाळ दमट दिवशी पापड कसे वाळता वाळत नाहीत ते. कुत्र्याच्या जिभेचंही तसंच होतं.

आता याच कुत्र्याला लांब लोंबणाऱ्या केसांचा कोट घाला. डोळ्यांवर झिपऱ्या, हनुवटीला दाढी, पाठीवर वळून आलेली झुबकेदार शेपटी. असा कुत्रा खरंच आहे. त्याचं नाव तिबेटन टेरियर.

तो भारतातूनच जगाला माहीत झाला. १९२० च्या सुमाराची गोष्ट. कानपूरला अ‍ॅग्नेस ग्रेग नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एका तिबेटी व्यापाऱ्याच्या बायकोवर शस्त्रक्रिया केली. बाई बरी झाली आणि तिने डॉक्टरीणबाईंना आपल्या कुत्रीचं एक पिल्लू भेट दिलं. या पिल्लाचं नाव होतं बंटी. (आपल्याकडे दर तिसऱ्या गल्लीत एक बंटी असतो, पण ही बंटी मुलगी होती.) तिबेटात म्हणे ही कुत्री विकत नसत. विकलं तर घरातली बरकत जाते, अशी समजूत. म्हणून ती मिळायची ती भेट म्हणूनच.

डॉक्टरीणबाई बंटीच्या इतक्या प्रेमात पडल्या की त्यांनी तिच्यासाठी राजा नावाचा जोडीदार शोधला आणि पुढे इंग्लंडमध्ये या जातीची पैदास सुरू केली. प्रदर्शनात मात्र पंच गोंधळले. हा कुत्रा नक्की कोणता? आधी नाव पडलं ल्हासा टेरियर. १९३० मध्ये भारतातल्या केनेल क्लबने ते बदलून तिबेटन टेरियर केलं. गंमत म्हणजे हा टेरियर नाहीच. टेरियर म्हणजे बिळात घुसून घुशी-कोल्हे हुसकावणारी कुत्री. हा तर मेंढपाळांच्या आणि मठांच्या सोबतीला राहणारा, घराची राखण करणारा गडी. त्याच्या आकारमानावरून कुणीतरी नाव ठोकून दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

याचे पाय मला फार आवडतात. रुंद, चपटे, गोल पंजे, बोटांच्या मधेही भरगच्च केस. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून निसर्गाने दिलेले बूटच ते. अंगावर कोटही दुहेरी: आत मऊ लोकर, वर लांब केस. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६५० मीटर उंचावर. तिथे वर्षभरात जेमतेम साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातल्या रोह्यात तेवढा पाऊस जुलै महिना अर्धा सरायच्या आत कित्येकदा पडून गेलेला असतो! म्हणजे हा कोट कोरड्या, कडाक्याच्या थंडीसाठी शिवलेला.

शिवला कोणी? जनुकांनी. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. कुत्र्यांच्या केसांचे एवढे प्रकार, तर जनुकंही शंभरेक लागत असतील असं वाटेल ना? निघाली मुख्य तीन. एफजीएफ-५ हे जनुक केसाला सांगतं, ‘बस, आता वाढू नकोस.’ त्यात बिघाड झाला की केस ऐकतच नाही, वाढत सुटतो. आरएसपीओ-२ मधल्या बदलाने मिशा, दाढी आणि झुपकेदार भुवया येतात. केआरटी-७१ मधल्या बदलाने केस कुरळे होतात. या तिघांच्या वेगवेगळ्या जोड्या जमवल्या की बहुतेक सगळ्या कुत्र्यांचे कोट तयार होतात.

असा कुत्रा पेण-रोह्यात तुम्हाला दिसेल, अशी पैज मी लावणार नाही. पण ल्हासा अप्सो आणि शिह त्झू हे त्याचे छोटे भाऊबंद कुणा ना कुणाच्या घरी असतात, आणि त्यांची निगा अगदी तशीच. कोरडे केस ओढून विंचरायचे नाहीत, तुटतात. आधी थोडं पाणी फवारायचं, मग मुळापासून टोकापर्यंत कंगवा. वरवर छान दिसतं आणि काखेत, कानामागे गुंता तसाच राहतो, तिथेच खरी परीक्षा. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात तेव्हा तर गुंत्यांचा कहर.

कोकणात आणखी दोन शत्रू. एक, गोचीड. लांब केसांत ती दडून बसते आणि तिच्यामुळे ताप येतो, म्हणून फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या मधल्या जागा चाचपायच्या. दुसरं, कुसळ! पावसाळा सरला की माळरानावर तुमच्या मोज्यांत घुसतात ना, तीच. झिपऱ्या पंजात शिरली की थेट कातडीत रुततात. पावसात भिजला तर आतली लोकर कोरडी होईपर्यंत पुसायचं, नाहीतर बुरशी. आणि उकडतंय म्हणून सरसकट टक्कल करायचं नाही. उघड्या कातडीला ऊन भाजतं. केस थोडे कमी करून घ्यायचे, दुपारी पंख्याखाली ठेवायचं, फिरायला पहाटेच न्यायचं.

लांब केसांचं कुत्रं आपल्याकडेही आहे. लातूर-सोलापूरकडच्या काटक, चपळ कारवान जातीत काहींच्या कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमी केस असतात. त्यांना पश्मी म्हणतात. पण दाढी-मिशी? नाही! आता सांगा, दाढी-मिशी आणणारा कोणत्या जनुकातला बदल तिथे गैरहजर?

पुढच्या वेळी दिवा-रोहा गाडीतून उतरलात की फलाटावरची, गल्लीतली, शेजारच्या काकांची सगळी कुत्री तपासा. पॉमेरेनियनला झुबका आहे पण मिशी नाही. लॅब्रॅडॉरला दोन्ही नाही. कुणाच्या कोटात कोणत्या जनुकातला बदल, याची वहीच करा. वाटेत लांब केसांचं पर्शियन मांजर भेटलं तर तेही लिहा. त्याच्याकडेही तेच, न ऐकणारं एफजीएफ-५ आहे.